गाडीच्या पोटाखालचा गंज : लोखंड आणि मिठाची एक जुनी गोष्ट

मागच्या व्याख्यानात आपण विदर्भातल्या शिळावर्तुळांबद्दल बोललो. जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड. त्या वर्तुळांखाली सापडलेल्या लोखंडी कुऱ्हाडी, घोड्यांचे लगाम, कढया. ते व्याख्यान ऐकून अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातून एका श्रोत्यांचं पत्र आलं. मूळचे अमरावतीचे. त्यांनी लिहिलं, "सर, तुम्ही अडीच हजार वर्षांपूर्वीच्या लोखंडावर तासभर बोललात. आमच्या गाडीचा खालचा पत्रा सात हिवाळ्यांत गेला. इथे रस्त्यावर मीठ टाकतात. गॅरेजवाला म्हणतो, खालून काळा लेप मारून देतो. मारावा का?"

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला असा प्रश्न विचारावा, हे आम्हाला आधी गमतीचं वाटलं. मग तितकंसं गमतीचं वाटेना, कारण असाच एक काळा लेप आमच्याही आयुष्यात येऊन गेला आहे. त्याकडे येऊच. आधी लोखंडाकडे जाऊ.

आपल्या चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूरकडे, लोहारा नावाचं गाव आहे. तिथल्या खनिजावरचा रिटर फॉन श्वार्त्झ या जर्मन तज्ज्ञाचा अहवाल १८८२ साली जमशेटजी टाटांच्या वाचनात आला आणि पोलाद कारखान्याचं स्वप्न त्यांच्या डोक्यात शिरलं. तेव्हा त्यांची एम्प्रेस मिल नागपुरात पाच वर्षांपासून चालू होती. वरोऱ्याचा कोळसा भट्टीला चालण्यासारखा नव्हता, म्हणून कारखाना इथे झाला नाही, तो पुढे दूर साकचीला झाला. नागपूरकरांना ही हळहळ अजून आहे. पण आपला मुद्दा वेगळा. लोहाऱ्याचं ते खनिज म्हणजे हेमॅटाइट, लोखंड आणि प्राणवायू यांचं संयुग. लालसर तपकिरी. दगड घासला तर हाताला लागतो तो रंग आणि गंजक्या पत्र्यावरून बोट फिरवलं तर लागतो तो रंग, दोन्ही एकाच घराण्यातले.

म्हणजे भट्टीत आपण करतो काय? लोखंडाला धरून बसलेला प्राणवायू कोळशाच्या आगीत ओढून काढतो. नायकुंडला, पारशिवनी तालुक्यात, १९७८ ते ८० या काळात शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी उत्खनन केलं. तिथे लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या आसपासची. गोलाईत बसतील अशा विटा, भात्याची हवा आत नेणारी मातीची नळी, आणि मळीचे ढीग. त्या माणसांनी लाकडी कोळसा जाळून, भाते मारून, घाम गाळून दगडातून लोखंड वेगळं केलं. आणि ज्या क्षणी ते लोखंड थंड होऊन हवेत आलं, त्या क्षणापासून त्याचा परतीचा प्रवास सुरू झाला. गंज हा लोखंडावरचा हल्ला आहे असं आपण म्हणतो. लोखंडाला विचारलं तर ते म्हणेल, मी घरी चाललोय.

इथे आमच्यातला मास्तर जरा डोकं वर काढतो. आम्ही वर्गात सत्कार्यवाद शिकवायचो. कार्य कारणात आधीच असतं असं सांख्य म्हणतात, दुधात दही असतं तसं. नैयायिक म्हणतात, नाही, कार्य नव्यानं उत्पन्न होतं. मग गंज लोखंडात आधीपासून होता की नव्हता? एका वर्षी शेवटच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "सर, माझी सायकल सांख्य आहे." त्याला आम्ही पूर्ण गुण दिले असते, पण परीक्षेत तो प्रश्न नव्हता.

आणि गंज म्हणजे नुसता नाश, असंही आपल्या परंपरेनं मानलं नाही. रसशास्त्रात मंडूर नावाचं द्रव्य आहे, जुनं लोहकिट्ट. शंभर वर्षांचं ते उत्तम, ऐंशीचं मध्यम, साठ वर्षांचं कनिष्ठ अशी त्याची प्रतवारी केलेली आहे. वैद्याच्या दुकानात जे जितकं जुनं तितकं मोलाचं, ते गाडीच्या दुकानात... असो.

आता मीठ. विदर्भाला समुद्र नाही. मीठ आमच्याकडे कायम बाहेरून आलं, बैलांच्या पाठीवरून, लमाणांच्या तांड्यांबरोबर. इंग्रजांनी मिठावर जबर कर बसवला आणि तो चुकवून कुणी मीठ आणू नये म्हणून सिंधू नदीपासून महानदीपर्यंत जकातीची एक सलग रेषा आखली. १८६९ च्या सुमारास ती सुमारे ३,७०० किलोमीटर लांब होती आणि तिच्यावर बारा हजारांच्या आसपास माणसं पहाऱ्याला होती. पुष्कळशा भागात ही रेषा म्हणजे चक्क काटेरी कुंपण होतं, बाभूळ, बोर, निवडुंग यांचं. ते कुंपण वाढवण्यात ज्या अधिकाऱ्याचा मोठा हात होता तो अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम, म्हणजे पुढे काँग्रेसच्या स्थापनेत दिसतो तोच. कुंपण खाली बऱ्हाणपूरपर्यंत आलं होतं, म्हणजे आमच्या वऱ्हाडच्या दारापर्यंत. १८७९ मध्ये ते सोडून देण्यात आलं. चिमूटभर मिठासाठी माणसं काट्यांत शिरत होती त्याला अजून दीडशे वर्षं झालेली नाहीत, आणि आज अमेरिकेत दर हिवाळ्यात सुमारे दोन कोटी टन मीठ रस्त्यावर ओततात. आम्ही हे फक्त शेजारी शेजारी ठेवतो.

मीठ लोखंडाचं काय करतं? दोन-तीन गोष्टी करतं. एक म्हणजे ते पाणी ओढून धरतं. पावसाळ्यात घरातल्या मिठाला पाणी सुटतं ते आपण पाहतोच. हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतूनच ओलं होतं. परदेशात रस्त्यावर मॅग्नेशियम क्लोराइडही वापरतात. ते तर तेहतीस टक्क्यांनाच ओलं होतं. म्हणजे तुम्हाला गाडी कोरडी दिसते, पण पोटाखाली ती ओलीच असते. दुसरं, खारट पाण्यातून वीज सहज वाहते, आणि गंजणं ही मुळात विजेची क्रिया आहे. तिसरं, लोखंडावर संरक्षणाचा जो पातळसा पापुद्रा धरतो तो क्लोराइड फोडतं.

व्हर्नन नावाच्या इंग्रज संशोधकानं १९३० च्या दशकात दाखवून दिलं की हवेत साठ-सत्तर टक्क्यांच्या खाली आर्द्रता असेल तर लोखंड फार हळू गंजतं, वर गेली की एकदम जोरात. नागपूरच्या मे महिन्यातली दुपार घ्या. वीस-पंचवीस टक्के. आम्ही उन्हाला शिव्या देतो, पण त्याच उन्हानं आमच्या जुन्या स्कूटरी पंचवीस-तीस वर्षं उभ्या ठेवल्या. दिल्लीच्या लोहस्तंभाचं नाव आता कुणीतरी काढील. त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे, त्यामुळे त्यावर घट्ट पातळ थर बसला, हे आयआयटी कानपूरच्या बालसुब्रमण्यम यांनी चांगलं समजावून सांगितलं आहे. पण तोच स्तंभ वरळीच्या समुद्रात उभा केला असता तर काय झालं असतं, हे कुणी विचारत नाही.

वरळीचं नाव आलंच आहे तर आमची गाडी सांगून टाकतो.

१९८८ साली आम्ही जुनी गाडी घेतली. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता. गाडी मुंबईची, दहा वर्षं समुद्राच्या अगदी जवळ उघड्यावर उभी राहिलेली. विकणाऱ्यानं रंग नवा काढून दिला होता आणि खालून सगळीकडे जाड काळा थर मारला होता. आम्ही वाकून पाहिलं. एकसारखं, काळंभोर, चकचकीत. आमची सौभाग्यवती म्हणाली, "खालून तर वरच्यापेक्षा छान दिसते." आम्ही विद्यापीठात दृश्य आणि सत् यांच्यातला भेद शिकवत होतो, आणि त्या काळ्या थरावर भाळून शे-दोनशे रुपये जास्तच देऊन आलो.

दीड वर्षानं, पावसाळा संपता संपता, रामटेकला गेलो. आई बरोबर होती, दोन्ही मुली होत्या. दर्शन झालं. गडावरून उतरताना दुसऱ्या वळणावर ब्रेक दाबला आणि पाय थेट तळाला गेला. काहीच लागलं नाही. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. गाडी गिअरमध्ये होती म्हणून, हँडब्रेक थोडाफार लागला म्हणून, आणि डाव्या बाजूला मुरुमाचा ढीग होता म्हणून आज हे व्याख्यान होतंय. आईनं फक्त एवढंच विचारलं, "काय रे, थांबलास का?"

गाडी ओढून नागपूरला आणली. मिस्त्री खाली झोपले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हातोडीच्या मागच्या टोकानं त्यांनी काळा थर ठोकला. एक मोठी खपली पडली, आणि खपलीच्या पाठीला चिकटून पत्राही आला. विटकरी रंगाचा भुगा. ब्रेकचं तेल नेणारी बारीक लोखंडी नळी त्याच थराखालून गेलेली होती आणि एका जागी तिला टाचणीएवढं भोक पडलं होतं. आम्ही म्हणालो, "अहो, पण एवढा लेप असून?" त्यावर मिस्त्री म्हणाले, "सर, लेप असून नाही. हे कायं लावलं म्हनूनच सडलं."

आम्हाला हे उलटंच वाटलं. झाकलेली वस्तू उघड्या वस्तूपेक्षा जास्त कशी सडेल? गंजाला हवा लागते, झाकलं की हवा बंद. आमचा तर्क निर्दोष होता आणि साफ चूक होता.

या चुकीचं उत्तर केंब्रिजमधल्या युलिक इव्हान्स यांनी १९२० च्या दशकात पाण्याच्या एका थेंबात दाखवलं होतं, ते आम्हाला फार उशिरा वाचायला मिळालं. घासून स्वच्छ केलेल्या लोखंडावर खाऱ्या पाण्याचा एक थेंब ठेवायचा. थेंबाच्या कडेला पाण्याचा थर पातळ, तिथे हवेतला प्राणवायू भरपूर पोचतो. मध्यभागी थर जाड, तिथे प्राणवायू संपतो. आपल्याला वाटेल, कडेला लोखंड खाल्लं जाईल. होतं उलटं. मधलं लोखंड विरघळतं. जिथे प्राणवायू कमी ती जागा बॅटरीचं एक टोक बनते, जिथे जास्त ती दुसरं टोक, आणि लोखंड कमी प्राणवायूच्या जागेतून झिजत जातं. गंजाचं तांबडं कडं मात्र दोहोंच्या मध्ये दिसतं. म्हणजे डाग एकीकडे आणि खड्डा दुसरीकडे.

आता आमची गाडी बघा. विकणाऱ्यानं गंज न काढता, मीठ न धुता, ओल्यावरच डांबरासारखा थर मारला. थराला कुठेतरी चीर गेली. त्या चिरेतून ओल आत शिरली. चिरेच्या तोंडाशी हवा, आत खोल हवा नाही. इव्हान्सचा थेंबच तो, फक्त चार फूट लांब. आत अडकलेलं समुद्राचं मीठ काही संपत नाही, कारण गंजण्यात ते खर्च होत नाही, पुन्हा पुन्हा कामाला लागतं. संग्रहालयातल्या लोकांना हे चांगलं ठाऊक आहे. उत्खननातून आलेली लोखंडी वस्तू काचेच्या कपाटात ठेवली तरी आतल्या क्लोराइडमुळे तिला घाम फुटतो आणि पापुद्रे सुटतात. म्हणून आधी महिनोन्महिने अल्कलीच्या पाण्यात ठेवून तिच्यातलं मीठ काढतात, आणि मगच तिला लेप देतात. आधी लेप देत नाहीत.

आमचे शेतकरी हे वेगळ्या वाटेनं जाणत होते. वखराची पास, नांगराचा फाळ, हंगाम संपला की माती खरवडून, पुसून, वर तेलाचं बोट फिरवून आडोशाला ठेवायचे. आधी खरवडणं, मग तेल. बंडीच्या आखाला वंगण घालतानाही जुना चिखट आधी काढायचा, हे आम्ही लहानपणी आजोबांकडून शिव्या खात शिकलो. तेल थिजून कडक होत नाही. पत्र्याबरोबर ते हलतं, चिरेत उतरतं. डांबराचा थर कडक होतो आणि मग फुटतो.

लेपाखेरीज दुसरी एक वाट आहे, आणि आमच्यासारख्याला तीच जास्त विचारात पाडते. लोखंडाच्या ऐवजी दुसऱ्या धातूनं झिजायचं. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्हीनं इंग्लंडच्या आरमारासाठी जहाजांच्या तांब्याच्या पत्र्याला जस्त आणि लोखंडाचे तुकडे जोडले. तांबं झिजायचं थांबलं. पण झिजणारं तांबं पाण्यात विष सोडत होतं, ते सुटेनासं झालं, आणि जहाजांच्या तळाला शिंपले आणि शेवाळ धरलं. बिचाऱ्या डेव्हीची पंचाईत झाली. १८३७ मध्ये फ्रान्समध्ये सोरेल यानं लोखंडाला जस्ताचा मुलामा देण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. आपल्या घरावरचे पन्हाळी पत्रे, पाण्याच्या बादल्या, ही त्याची संतती. जस्ताला ओरखडा गेला तरी शेजारचं जस्त झिजतं आणि लोखंड वाचतं. गाडीवाल्यांना ही गोष्ट माहीत नव्हती असं नाही. पण सबंध सांगाडा जस्ताचा मुलामा देऊन बाजारात यायला १९७५-७६ उजाडलं, पोर्शच्या ९११ मध्ये. ऑडीनं १९८५ मध्ये आपली १०० ही गाडी तशी केली. दीडशे वर्षं लागली, आणि ती रसायनशास्त्राला लागली नाहीत. गंज हमीच्या मुदतीनंतर दिसतो, त्याची किंमत दुसरा मालक देतो, एवढं कारण पुरेसं होतं.

आता मिशिगन. रस्त्यावर मीठ टाकण्याची रीत तशी जुनी नाही. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यानं १९३८ मध्ये प्रयोग केला आणि १९४१-४२ च्या हिवाळ्यापासून ते सर्रास वापरू लागलं. मिठामुळे पाणी शून्याच्या खाली गोठतं, उणे आठ-नऊ अंशांपर्यंत त्याचा चांगला उपयोग होतो. अपघात कमी झाले, हे खरंच आहे, आणि मीठ टाकायला नको होतं असं आम्ही म्हणणार नाही. महायुद्धानंतर मोटारी वाढल्या, काळा स्वच्छ रस्ता हा लोकांना हक्क वाटू लागला, आणि साठच्या दशकात मिठाचा वापर भराभर वाढला. गंमत अशी की मोटारींची राजधानी डेट्रॉइट हे शहर प्रत्यक्ष मिठावरच बसलेलं आहे. शहराखाली तीनशे-साडेतीनशे मीटर खोल मिठाची खाण आहे, १९१० पासूनची. वर गाड्या तयार होतात आणि त्यांना खाणारं मीठ खाली.

त्याच डेट्रॉइटमध्ये १९५९ साली कर्ट झीबार्ट या मेकॅनिकनं गंजरोधनाचा धंदा सुरू केला. दारांना, पोकळ कप्प्यांना बारीक भोकं पाडायची, आत लांब नळी घालून मेणासारखं द्रव्य फवारायचं, मग भोक बुचानं बंद करायचं. दिसणारी बाजू सोडून न दिसणाऱ्या पोकळीकडे तो वळला, ही त्याची अक्कल. पुढे या धंद्यात नाना प्रकारचे लोक आले.

आणि नेमक्या याच काळात आपली माणसं तिकडे गेली. १९६५ मध्ये अमेरिकेचा स्थलांतराचा कायदा बदलला, आणि मुंबई-पुण्या-नागपूरचे इंजिनिअर, डॉक्टर डेट्रॉइट, शिकागो, क्लीव्हलँडकडे निघाले. १९८१ मध्ये शिकागोत बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झालं, त्याच्या आधीची ही पिढी. त्यांची पहिली गाडी बहुधा जुनीच, आणि खालचा पत्रा बहुधा गेलेला. आमचे एक वर्गबंधू सांगायचे, की त्यांच्या पहिल्या गाडीत मागे बसलं की पायाखालून रस्ता दिसायचा, वर पायपुसणं टाकलेलं. पाहुणे आले की ते म्हणत, "पाय जरा वर घ्या हं." भारतात कुणाला कळवायची सोय नव्हती. अमेरिकेतून पत्रात काय लिहिणार, गाडीला भोक आहे म्हणून?

हा सगळा जुना काळ झाला असं समजू नका. २०१५ मध्ये अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा संस्थेनं १९९९ ते २००३ या काळातल्या सुमारे पन्नास लाख ट्रक आणि मोठ्या गाड्यांच्या ब्रेकच्या नळ्यांची चौकशी पूर्ण केली. नळ्या मिठानं गंजून फुटत होत्या. संस्थेनं गाड्या परत बोलावण्याचा आदेश दिला नाही. मीठ टाकणाऱ्या राज्यांतल्या लोकांनी गाडी खालून धुवावी, नळ्या तपासून घ्याव्यात आणि गंजलेल्या असतील तर बदलाव्यात, असा सल्ला दिला. आम्ही ती बातमी वाचली तेव्हा रामटेकचं ते वळण डोळ्यांपुढे आलं. तिथे तर मिठाचा कणही नव्हता. मीठ मुंबईहून आमच्याबरोबर आलं होतं, लेपाखाली बसून.

तर आता पत्रलेखक महाशय, तुमचं उत्तर. लेप मारावा का, हा दुसरा प्रश्न आहे. गाडी आधी लिफ्टवर चढवा आणि तुम्ही स्वतः खाली उभे राहा. जो गॅरेजवाला तुम्हाला खाली उभं राहू देत नाही, त्याच्याकडून काहीच मारून घेऊ नका. ब्रेकच्या नळ्या चाकापासून चाकापर्यंत बोटानं चाचपा. फुगलेल्या, खरबरीत लागल्या तर लेपाचे पैसे आधी तिकडे घाला. दारांच्या आणि खालच्या पट्ट्यांच्या तळाला पाणी निघून जायची छोटी भोकं असतात, ती चिखलानं बुजली असतील तर मोकळी करा, लेप मारणाऱ्यानं बुजवली असतील तर त्याला जाब विचारा. हिवाळ्यात थंडी जरा उतरली, वर बर्फ नाही, असा दिवस मिळाला की खालून पाण्यानं धुवा, आणि हिवाळा संपल्यावर एकदा चांगलं. ऊबदार बंद गॅरेजमध्ये ओली, खारट गाडी उभी करणं हे तिच्यावरचं प्रेम नाही. थंडीत गंज मंद असतो, उबेत जोर धरतो. मग पुढच्या शरद ऋतूत, धुऊन, पूर्ण वाळवून, तेलाचा किंवा मेणाचा न वाळणारा लेप घ्या, आणि दर वर्षी पुन्हा घ्या. गाडी नवी कोरी असेल तर कडक काळा थरही चालेल. सात हिवाळे पाहिलेल्या पत्र्यावर आम्ही तो मारणार नाही.

आणि कोकणात, मुंबईत राहणारे जे श्रोते आज ऐकताहेत, त्यांना बर्फ नसला तरी हे सगळं लागू आहे. मासळीच्या ट्रकमागून जाताना रस्त्यावर जे पाणी गळत असतं ते साधं पाणी नसतं.

आमच्या गाडीचं पुढे काय झालं असं परवा कुणीतरी विचारलं. मिस्त्रींनी नळ्या बदलल्या, काळा थर सगळा खरवडून काढला, नवा पत्रा वेल्डिंग करून लावला, त्यावर रेड ऑक्साइडचा हात दिला. रेड ऑक्साइड, म्हणजे पुन्हा तोच रंग, गंजापासून वाचायला गंजाचाच भाऊबंद. आणखी अकरा वर्षं ती चालली. फुटलेल्या नळीचा वीतभर तुकडा आमच्या टेबलाच्या खणात आहे. आईला तो कधी दाखवला नाही. ती शेवटपर्यंत असंच समजत होती की त्या दिवशी आम्ही गडावरून नीट दिसावं म्हणून थांबलो होतो.